पोपट उलटा होतो, अक्षर नाही

पहिलीच्या वर्गात दरवर्षी एक-दोन मुलं तरी अक्षरं उलटी काढतात. ‘ग’ची काठी डावीकडे, ‘न’ची गाठ उजवीकडे. नव्या शिक्षिका घाबरून पालकांना बोलावतात. मी घाबरत नाही. त्या वयात असं होतं. हात धरून चार दिवस गिरवून घेतलं की अक्षर आपोआप सरळ होतं, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत मला ठाऊक झालंय. तरी अशी वही समोर आली की मी ती पटकन मिटते. मुलाला वाटतं, बाई रागावल्या. त्याला काय सांगणार?

आता सांगते. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, तर नाहीच नाही.

आम्ही मूळचे खानदेशातले, घरात अहिराणी बोलणारे. आबा, म्हणजे वडील, कापडाच्या लूमवर कामाला लागले म्हणून सुरतेला आलो, तेव्हा आक्का आठ वर्षांची होती आणि मी चार. नवागामात एक खोली. पुढे पाठची दोन भावंडं झाली. माय लोकांकडे धुणीभांडी करायची, तेव्हा धाकट्यांना बघायला कुणीतरी हवं होतं. ती आक्का झाली. मला म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत घातलं. ‘एक तरी शिकू दे,’ असं आबा म्हणाले होते म्हणे. एक तरी. त्यातली ती एक मी. आक्काचं नाव गावातल्याही शाळेत कधी पडलं नव्हतं.

मी बारा-तेरा वर्षांची असताना मायला एका कामाच्या घरून एक जाडजूड लिफाफा मिळाला. त्या घरच्या बा, म्हणजे वयस्क मालकीणबाई, कपाट आवरत होत्या. ‘तारी छोकरीने आप,’ म्हणाल्या, ‘भरतकाम करशे.’ आत पिवळट पातळ कागद होते, मुंबईच्या कुठल्याशा छापखान्यातले. लहान मुलांच्या कपड्यांवर उठवायचे इस्त्रीचे छापे. निळ्या शाईच्या रेघा बोटाला किंचित खरखरीत लागायच्या. मिरची खाणारा पोपट, छत्री धरलेलं बदक, चेंडूवर उभा हत्ती, झारीने पाणी घालणारी मुलगी, आणि एका कागदावर नुसती अक्षरं. झबल्यावर बाळाचं नाव भरायचं असेल तर.

कागद कापडावर पालथा ठेवायचा, वरून तापलेली इस्त्री दाबायची, उचलायची. रेघा कापडावर उतरतात. मग त्यांवरून सुईदोऱ्याने भरत जायचं. ऐकायला सोपं आहे. आक्काने पहिला पोपट उतरवला तो आबांनी मिलमधून आणलेल्या चिंधीवर. इस्त्री ठेवली तशी चिंधी आक्रसली आणि इस्त्रीलाच चिकटली. साऱ्या सुरतेत कापडच कापड, पण सगळं पॉलिस्टर. सुती तुकडा मिळायची मारामार. शेवटी आबांचं जुनं धोतर फाडलं. कोळशाची इस्त्री शेजारून मागून आणायची, राख झटकायची, तळहात जवळ नेऊन ताव बघायचा. ‘सरकाडानी नही,’ आक्का स्वतःलाच बजावायची. सरकवली की पोपटाला दोन चोची येतात. इस्त्री ठेवायची, मनात दहा म्हणायचे, सरळ वर उचलायची. मग कागदाचं एक टोक हळूच वर करून बघायचं. गरम मेणाचा वास यायचा, आणि खाली पोपट बसलेला असायचा. फक्त त्याने तोंड फिरवलेलं असायचं. कागदावर डावीकडे बघणारा पोपट कापडावर उजवीकडे बघायचा.

एक छापा तीन-चार वेळा उठायचा, मग फिका पडायचा. आक्काने त्यावरही उपाय शोधला. कपड्याला घालायची नीळ आणि साखर थोड्या पाण्यात घोटून ती घट्ट शाई करायची आणि टोकदार काडीने जुन्या रेघांवरून फिरवायची. कागद वाळला की पोपट पुन्हा तयार. हे तिला कुणी सांगितलं ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. तिला येणाऱ्या गोष्टींबद्दल मी फारसं विचारत नसे.

आमच्या गल्लीतल्या निम्म्या बाळांच्या लाळेऱ्यांवर आक्काचे पोपट होते. दुपारी सहा-सात चिल्लीपिल्ली तिच्याभोवती बसलेली असायची. कुणाच्या हातात सुई, कुणाच्या हातात नुसताच दोरा.

‘आक्का, तो फिरना कसा?’

‘चटका लागना म्हनीसन तोंड फिरावं त्यानी.’

मग सगळी खिदळायची, आणि प्रत्येकाला आपापल्या बदकाला चटका द्यायचा असायचा.

एका संस्थेच्या बाई पुढच्या गल्लीत बालवाडी काढणार होत्या. त्यांनी कुणाच्या तरी बाळाच्या गळ्यात ते लाळेरं पाहिलं आणि विचारत विचारत आमच्या खोलीवर आल्या. त्यांना मदतनीस हवी होती, मुलांना कापडाच्या-कागदाच्या वस्तू शिकवणारी. आक्काभोवतीची ती दुपारची सभा त्यांनी उंबऱ्यातूनच बघितली, आणि त्यांचं ठरलंच.

‘लिहिता येतं ना? फार नाही. स्वतःचं नाव, मुलांची नावं. हजेरी मांडायची असते.’

आक्का सतरा वर्षांची होती. तिने एकदा मायकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. ‘आता नही येत,’ ती म्हणाली. ‘पण शिकसू.’

‘मग जूनमध्ये ये. नाव लिहून दाखव, लगेच ठेवून घेते.’

तो मे महिना होता. शाळेला सुट्टी होती. घरात शिकवू शकेल असं एकच माणूस होतं, आणि ते मी होते.

आबांना सहीपुरतं येत होतं, आणि ते बारा तास लूमवर असायचे. मायला काहीच येत नव्हतं. बाहेर दुकानांच्या पाट्या गुजराती. भिंतीवरचं कॅलेंडरही साडीवाल्याने दिलेलं, गुजरातीच. हे सांगते आहे कारण पुढे जे झालं ते दुसऱ्या गावात झालं नसतं. तिथे दुसऱ्याच दिवशी एखाद्या पाटीनेच तिला खरं सांगितलं असतं.

पहिले दोन दिवस मी तिला पाटीवर ‘क’, ‘ख’ काढून दिले. तिसऱ्या दिवशी मला कंटाळा आला. शेजारच्या मुलीकडे पत्ते खेळायला जायचं होतं.

‘आठे बठ ना जराशी,’ आक्का म्हणाली. ‘माले पुढलं दखाड.’

मी तो अक्षरांचा छापा लिफाफ्यातून काढला आणि तिच्यापुढे टाकला. ‘यात सगळी आहेत. बघून बघून काढ.’ मी तेव्हा घरातही शाळेतलं मराठी बोलायला लागले होते. आक्काला त्याचंही कौतुक होतं.

तिने कागद उजेडात धरला. ती मूर्ख नव्हती. तिने शेकडो पोपट उतरवले होते.

‘हाई उलटं तर नही? पोपटनागत अक्षरं बी फिरतस का?’

छाप्यातली अक्षरं उलटीच असतात. कापडावर ती सरळ उतरावीत म्हणून ती कागदावर आरशातल्यासारखी छापतात. मला ते त्या क्षणी दिसत होतं. ‘न’ची गाठ भलतीकडे होती, ओळ उजवीकडून सुरू होत होती. मी म्हणाले, ‘अक्षरं काय पोपट आहेत? पोपट उलटा होतो, अक्षर नाही.’

‘पण तू काल काढेल क येगळा व्हता.’

‘तो पुस्तकातला. हाताने लिहायची वेगळी असतात. गुजराती वेगळी, पुस्तकातली वेगळी, हातची वेगळी.’

आमच्या भागात हे कुणालाही पटलं असतं. पाटीवर एक लिपी, रेशनच्या दुकानात दुसरी, डॉक्टरच्या चिठ्ठीवर तिसरी. आक्काने मान हलवली. ‘आनि सुरू कथाईन करानं?’ मी उजवं टोक दाखवलं आणि पत्ते खेळायला गेले.

ही नुसती कंटाळ्याची गोष्ट असती तर इतकी वर्षं मी ती गिळून बसले नसते. संध्याकाळी परत आले तेव्हा तिने पाटी भरून टाकली होती. उलटी, पण काय सुंदर! काडीने छापे गिरवून तयार झालेला हात होता तो. रेघ न् रेघ एका जाडीची. माझं अक्षर जन्मभर कोंबडीच्या पायाचं. मी ती पाटी बघितली, आणि खरं सांगायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात माय म्हणाली, ‘दख, तुनापेक्षा चांगलं काढं तिनी.’

मी तोंड मिटलं.

घरातली चव आक्काच्या हाताला होती. गल्लीतली पोरं तिची होती. भरतकाम तिचं, धाकटे तिचे, मायचा विसावा ती. माझ्याकडे एकच गोष्ट होती, अक्षर. तीही तिने तीन दिवसांत माझ्यापेक्षा चांगली करून दाखवली. मग राहू दे उलटी, असं मला वाटलं. हे मी आज कबूल करते. तेव्हा मी त्याला नाव दिलं नव्हतं. गंमत आहे, एक दिवस सांगून टाकू, असं म्हणत राहिले. तो एक दिवस त्या अख्ख्या मे महिन्यात आला नाही. ती रोज दुपारी धाकट्यांना निजवून लिहीत होती. स्वतःचं नाव, माझं नाव, गल्लीतल्या एकेका पोराचं नाव. मला विचारायची, ‘बरोबर शे का?’ मी म्हणायचे, ‘हो.’

जूनमध्ये आम्ही दोघी गेलो. तिने लग्नकार्यात नेसायची मायची साडी नेसली होती. बालवाडीची खोली नुकतीच रंगवलेली होती, चुन्याचा वास येत होता. बाईंनी तिच्यापुढे कागद ठेवला. ‘लिही, नाव लिही.’

आक्काने कागदाच्या उजव्या टोकाशी पेन्सिल टेकवली आणि सुरू केलं.

बाई चष्मा सावरून वाकल्या. ‘उर्दू शिकलीस की काय?’ मग नीट बघितलं आणि त्यांना हसू आवरेना. त्या वाईट नव्हत्या. ते बघून कुणालाही हसू आलं असतं. आतल्या दुसऱ्या बाईंना त्यांनी हाक मारली, ‘अरे जुओ तो! अरीसो लावो कोई!’ त्या बाहेर आल्या, त्याही हसल्या. आरसा मागतायत एवढं आक्काला कळलं. का मागतायत ते कळलं नाही. तीही त्यांच्याबरोबर थोडी हसली. ते तिचं हसू मला अजून दिसतं.

‘हे कुणी शिकवलं तुला?’

मी तिच्या हाताशी उभी होते. सातवी पास. माझ्या तोंडून एक वाक्य निघालं असतं तर तिथल्या तिथे सगळं मिटलं असतं. आक्काने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, शिकवलेलं आपणच नीट उचललं नाही, उगाच धाकटीची फजिती नको.

‘कोनी नही,’ ती म्हणाली. ‘मी आपली दखी दखी.’

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. आधी नीट शिकून घे, मग बघू, असं काहीतरी म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात तिथे दुसरी मुलगी लागली. परत येताना आक्का स्वतःला दोष देत फक्त एवढंच म्हणाली, ‘मनं डोकंच उलटं शे.’

तिने अक्षरांचा कागद लिफाफ्यात सगळ्यात खाली घातला. पेन्सिल पुन्हा हातात धरली नाही. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, नवागामातच, लूमवर काम करणाऱ्या माणसाशी. भाऊजी विनोदी. ती गोष्ट त्यांच्या कानावर गेली आणि त्यांनी तिचं नावच ठेवलं, ‘उलटी’. भाजीत मीठ जास्त पडलं, उलटी. बस चुकली, उलटी. तीही हसायची. पोरं झाली, तीही हसायला लागली. रेशनकार्ड, बँक, मुलांचे शाळेतले दाखले, सगळीकडे तिने अंगठा दिला. बहुतेक वेळा मी बरोबर असायचे. शाळेत बाई असलेली बहीण बरोबर असली की कामं लवकर होतात. तिच्या बोटाची शाई पुसायला मी रुमाल द्यायचे.

एकदाच मी म्हणाले होते, ‘चल, तुला शिकवते.’ ती म्हणाली, ‘जाऊ दे. मनं डोकंच उलटं.’ मला हायसं वाटलं. तिला अक्षरं शिकवली असती तर पहिल्याच दिवशी तिला सगळं कळलं असतं.

यंदा आमच्या शाळेत शनिवारी दप्तर आणायचं नाही असं ठरलं. मुलांनी हाताने काहीतरी करायचं. मराठी वर्गात आता मुलं थोडी आहेत आणि तीही आपसात हिंदी-गुजराती बोलतात. मुख्याध्यापक म्हणाले, ‘बाहेरून कुणी शिकवायला येईल का?’ मी पटकन म्हणाले, ‘माझी बहीण येईल.’ का म्हणाले? खरं तर मला तिला एकदा मुलांमध्ये बसलेली बघायचं होतं. एवढं तरी द्यावं, असं वाटलं.

आक्का लिफाफा घेऊन आली. तिने तो इतकी वर्षं पत्र्याच्या पेटीत जपला होता. ऑफिसात पाहुण्यांच्या रजिस्टरवर सही करायची होती. ती हसून म्हणाली, ‘अंगठा चाली ना, सर?’ शिपायाने पॅड आणून दिलं.

वर्गात मात्र ती आल्या आल्या राज्य करायला लागली. मुलांनी घरून आणलेले रुमाल हाताने चोळून बघितले. ‘हाई सुरतनं, हाई बी सुरतनं. पॉलिस्टर! इस्त्रीले चिकटी जाई.’ मी सुती रुमाल आणून ठेवलेले होतेच. विजेच्या इस्त्रीचा ताव तिने तळहाताने बघितला. पोपट उतरला, बदक उतरलं. चटका लागून तोंड फिरवायची गोष्ट झाली. मुलं अगदी तशीच खिदळली. मी मागच्या बाकावर बसले होते आणि मला फार बरं वाटत होतं.

मग चौथीतली एक मुलगी लिफाफा चाळत तळाशी गेली. तिला रुमालावर नाव हवं होतं.

‘आजी, ये तो उल्टा छपा है.’

आक्काने कागद बघितला. मग हात झटकून म्हणाली, ‘नही बेटा. पोपट उलटा होतो, अक्षर नाही.’

माझंच वाक्य होतं ते. शब्द न् शब्द. ती तर अहिराणीच बोलते. एवढं एकच वाक्य ती शाळेतल्या मराठीत बोलली, कारण ते तिला तसं मिळालं होतं.

‘पण आजी, इकडे बघा ना, न...’

‘इचार तुमना बाईसले,’ आक्का म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं.

सगळा वर्ग मागे वळला. मी उठले. तरीही मी पळवाट शोधलीच. म्हणाले, ‘इस्त्री करून बघा.’ मला जे बोलायचं होतं ते मी इस्त्रीवर सोपवलं.

त्या मुलीच्या नावाचं पहिलं अक्षर होतं ‘न’. आक्काने कागद दुमडून तेवढंच अक्षर रुमालावर पालथं ठेवलं, इस्त्री दाबली, ओठ हलवत दहा मोजले, उचलली. कागदाचं टोक वर केलं. जन्मात कधी न वापरलेला छापा, गडद निळा उठला. त्याच्या बरोबर वर, फळ्यावर मी सकाळी सुविचार लिहिला होता. त्यातही एक ‘न’ होता. आक्काने रुमालाकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं, मग हातातल्या कागदाकडे. दोनदा, तीनदा. मुलगी टाळ्या वाजवत होती. ‘सीधा हो गया! मैंने बोला था ना!’

आक्काने तिला दोरा ओवून दिला. उरलेला तास पुरा केला. एक शब्द वावगा नाही. मुलं गेल्यावर इस्त्रीची वायर गुंडाळत ती म्हणाली, ‘तुले ठाऊक व्हतं?’

‘हो.’

‘तवा बी?’

‘तेव्हाच.’ मग मी सगळं सांगितलं. पत्ते, पाटी, मायचं ते वाक्य, माझं मिटलेलं तोंड. कंटाळा आला होता एवढंच सांगून सुटता आलं असतं. तसं केलं नाही. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं म्हणून, असं म्हणाले.

तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘म्हनजे मी बरोबर लिखेल व्हतं?’

‘समोर होतं तसं, अगदी बरोबर.’

ती बाकावर बसली. मुलांच्या बाकावर, गुडघे वर आलेली. म्हणाली, ‘मनं डोकं उलटं नव्हतं.’

‘नव्हतं.’

‘तू तठे उभी व्हती. त्या बाईनी इचारं तवा.’

मी रडायला लागले. ती म्हणाली, ‘रडू नको. रडशी ते मालेच समजाडनं पडी.’ मग उठली. ‘उद्या दुपारी जेवाले ये. माले एकलीले सांगीसन काय? सर्वासमोर सांग.’

रविवारी तिच्या घरी वरण-बट्टी होती. भाऊजी, मुलगा, सून. मुलगा भरतकामाच्या मशीनवर आहे, कॉम्प्युटरवरून एका वेळी कितीतरी पोपट निघतात. मी ताटावर बसून सांगितलं. घास हातातच होता.

मुलगा हसला. ‘मावशी, बस एवढंच? छोडो ना, जुनी वात छे.’

‘जुनी वात नही,’ आक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ‘ती बालवाडी उघडनी ना, त्या दिवशी मी दार लाई बठेल व्हतू. पोरेसना आवाज ऐकू नको याले म्हनीसन.’

हे तिने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही. भाऊजींनी पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिता खाली ठेवला. ‘मी तर रोज हसनू,’ ते म्हणाले. सूनबाईने उठून सासूच्या ताटात बट्टी कुस्करून वर तूप सोडलं. आक्काने नको म्हटलं नाही.

निघताना मी दारात म्हणाले, ‘आता शिकवते, आक्का. सरळ. आठ दिवसांत येईल तुला.’

‘आते नको,’ ती म्हणाली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, पण दारही लावून घेतलं नाही. ‘शनवारले येस मी. पोरेसले सांगेल शे.’

शनिवारी ती आली. ऑफिसात शिपायाने न सांगताच पॅड पुढे केलं. आक्काने ते बाजूला सारलं आणि त्याच्या खिशातलं पेन मागून घेतलं. रजिस्टरच्या रकान्याच्या उजव्या टोकाशी टेकवलं. मला वाटलं, हात अडखळेल. इतकी वर्षं झाली होती. तो अडखळला नाही. तीन अक्षरं, एक काना, वर एका दमात ओढलेली रेघ. सगळं आरशातलं.

‘सरळ शिकत नही मी,’ ती मला हळूच म्हणाली. ‘तू शिकाडं तेच लिखसू. कोनी इचारं तर तू सांगजो.’

मुख्याध्यापकांनी रजिस्टर स्वतःकडे फिरवलं, पुन्हा आडवं धरलं. मग पान उचलून खिडकीकडे केलं. कागद पातळ होता. मागच्या बाजूने उजेडात तिचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. त्यांनी ते मोठ्याने वाचलंही.

‘अक्षर फार सुरेख आहे हो,’ ते म्हणाले. ‘पण हे असं लिहायला कुणी शिकवलं तुम्हाला?’

आक्काने पेनाचं टोपण लावलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

‘मी,’ मी म्हणाले.

सरांना वाटलं मी गंमत करते आहे. म्हणून मग बसून सगळं सांगावं लागलं, पहिल्यापासून. आक्का तोवर वर्गाकडे निघाली होती. दारातूनच तिने हाक मारली, ‘लवकर ये वं. आनि येताना इस्त्री तापाले लाव.’